कीबोर्डखालचा चुरा

बटणं अडकतात म्हणून काकूंनी लॅपटॉप तिसऱ्यांदा आणला. दुरुस्तीवाल्याने तो पालथा घातला, स्क्रू काढले, एकेक भाग सुटा केला आणि कपाळाला हात लावला. कीबोर्डखाली पुन्हा बिस्किटाचा चुरा! पहिल्यांदा ब्रशने झाडला होता; परवा तर कीबोर्डच नवाकोरा बसवला होता.

"काकू, हा लॅपटॉप आहे की बेकरी? नातवंडं आलीयत का?"

"मी एकटीच असते रे. आणि मला साखरेचा आजार, बिस्किटं हल्ली घरात येतच नाहीत."

"मग खातंय कोण?"

काकू चुऱ्याकडे बघत राहिल्या. "हे खायचे. काम करता करता, माझी नजर चुकवून. शेवटच्या सकाळीसुद्धा मी ताडताड बोलले, हातातला पुडा हिसकावून घेतला. दुपारी गेलेच."

दुरुस्तीवाल्याने चुऱ्याला बोट लावलं. ताजा होता, ओलसर. त्याने गुपचूप ब्रश उचलला.

"राहू दे." काकू त्या उघड्या लॅपटॉपवर वाकल्या. "खा हो. आता नाही ओरडणार."

आतून बिस्किट मोडल्याचा आवाज आला, आणि मग कुणीतरी सावकाश चावू लागलं.