दातांतली शिट्टी

“शिकवलेलं कुत्रं कोणीही दाखवेल, बाई. नवी जात मानायची तर काम रक्तातच हवं,” परीक्षक म्हणाले. ताईंनी मेंढी कधीच न पाहिलेलं पिल्लू कळपासमोर सोडलं. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची ही जात घडवण्यात त्यांचे केस पिकले होते, आणि शिट्टीवर कुत्री नाचवणाऱ्या धाकट्या भावाने कायम त्यांची टिंगल केली होती. आज फाटकाची कडीही त्यानेच नीट लावली नव्हती. मेंढ्या बिथरून हमरस्त्याकडे सुटल्या. “ताई, शिट्टी वाजव!” भाऊ बोंबलला. शिट्टी ताईंच्या दातांतच होती. त्यांनी श्वास रोखला. पिल्लू लांबून वळसा घालून पुढे गेलं, रस्त्याकडेला पोट टेकून बसलं आणि नुसतं टक लावून बघत राहिलं. मेंढ्या थबकल्या, मुकाट माघारी फिरल्या. “मानलं, बाई!” परीक्षक म्हणाले. ताईंनी शिट्टी भावाच्या गळ्यात अडकवली. “घे. तुझ्या कुत्र्यांना लागते.”