उलट्या काळजाची

हीटरची मोटर फिरली. चांगली घोंघावत फिरली. डॅशबोर्डखाली पाठ टेकून, पाय दाराबाहेर बर्फात सोडून पडलेली लेक ओरडली, "फिरली! आई, फिरली गं!"

मागच्या बाकावर आई नवऱ्याला दोन रजयांत गुंडाळून धरून बसली होती. तिने डोळे मिटून हात जोडले. लेक धडपडत उठली आणि तिने समोरच्या काचेखालच्या फटीवर तळवा धरला. इथून गरम वारा यायला हवा. तिने हात डावीकडे धरला, उजवीकडे धरला, मग गालच टेकवला.

"येत काहीच नाहीये," ती म्हणाली. "नुसताच आवाज. फुंकरसुद्धा नाही."

मघाशी तिघं निघाले होते. पहिल्याच वळणावर तिघांच्या श्वासाने काच आतून गोठली. पुसावी तर पुसल्या जागी पुन्हा बर्फ. पुढचं चाक कड्याच्या काठावर गेलं तेव्हा आईने बाबांना छातीशी आवळलं. जीव मुठीत धरून लेकीने गाडी उलटी शेडच्या दारापर्यंत आणली. हीटर गरम होता, पण त्याचा वारा काचेवर फेकणारी मोटर जळून बसली होती. अँब्युलन्स या बर्फात वर चढत नाही. चढते ती एकच, बाबांची ही म्हातारी जीप. आणि अंधार पडला की खिंडीचं फाटक बंद, मग सकाळपर्यंत पलीकडच्या इस्पितळात कुणी जाऊ शकत नाही. बाबांना सकाळ दिसायची नाही, असं नर्सबाई तोंडावर सांगून गेल्या होत्या.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," म्हणत लेकीने हवेचे पाइप उपसले. एकात उंदराचं घरटं निघालं. तिला केवढा आनंद झाला! घरटं फेकलं, पाइप बसवले, बटण दाबलं. पुन्हा तोच घोंघाट, आणि काचेवर तोच पांढरा थर.

काय चुकलं तेच कळेना. आता बसवलेली मोटर शेडमागे मोडीत पडलेल्या एका नव्या गाडीतून काढलेली, पण धडधाकट होती. लाल तार बटणाला, काळी गाडीच्या पत्र्याला. शहरातल्या गॅरेजमध्ये अशा किती मोटरी तिने डोळे झाकून बसवल्या होत्या. या एका जीपला मात्र बाबांनी तिला कधी बोट लावू दिलं नव्हतं. बोनेट उघडलं की ते मध्ये येऊन उभे राहायचे.

बाबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ओठ निळसर पडले होते. ते काहीतरी पुटपुटले.

"काय हवंय? पाणी?" आईने कान जवळ नेला.

"उलट्या…" बाबांनी श्वास गोळा केला. "काळजाची."

"अहो, काय हे!" आईचा आवाज चिरकला. "पोरगी मरमर मरतेय तुमच्यासाठी, आणि आतासुद्धा हेच?"

लेकीच्या हातातला पाना खाली पडला. घर सोडून गॅरेजात शिकायला निघाली त्या दिवशी, उंबऱ्यात उभं राहून बाबा हेच म्हणाले होते. तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि संतापही आला.

"म्हणू दे गं. जाता जाता एवढाच शब्द ठेवला असेल माझ्यासाठी."

बाबांनी मान हलवली. नाही, नाही. रजईतून त्यांचा हात बाहेर आला, पुढच्या सीटच्या पाठीवर दोनदा आपटला आणि खाली घसरला.

"काळीज," ते म्हणाले. "खाली."

 लेकीने पुढच्या सीटची गादी उचकटली. खाली बॅटरी होती, जीपचं काळीज. तिच्या प्लसची जाड तार थेट जीपच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली होती.

साऱ्या जगाच्या गाड्यांत मायनस पत्र्याला असतो. हिचा प्लस होता. जन्मापासूनच उलटी! जुन्या मोटरला त्याचं सोयरसुतक नव्हतं, ती कशीही जोडा, एकाच बाजूने फिरायची. ही नवी मात्र मघापासून उलटी फिरून वारा आतच ओढत होती.

"अगं बाई!" म्हणून लेकीने पुन्हा डॅशबोर्डखाली सूर मारला. बोटं बधिर झाली होती, तारांची टोकं तिने दातांनी सोडवली. लाल पत्र्याला, काळी बटणाला.

काचेखालच्या फटीतून आधी धूळ उडाली, मग उंदराच्या घरट्यातल्या काड्या, आणि मग वारा आला. गरम. काचेवर तळहाताएवढं भोक पडलं आणि बघता बघता मोठं झालं. पलीकडे रस्ता होता, आणि डोंगरामागे बुडत चाललेला सूर्य.

जीप निघाली. वळणं संपता संपेनात. मागे शिट्टी वाजायची, थांबायची. थांबली की आई "अहो… अहो" करायची, आणि ती पुन्हा वाजायची.

शेवटच्या चढावर लेकीला राहवेना. आरशात बघून तिने विचारलंच, "बाबा, त्या दिवशी उंबऱ्यात म्हणालात, ते या जीपला की मला?"

शिट्टी थांबली. आईने हाक मारली नाही, नुसता त्यांचा हात घट्ट धरला. वर फाटकवाला दिसत होता. फाटक बंद करायला तो आडव्या दांड्याची दोरी सोडत होता.

"दोघींना," बाबा म्हणाले. आणि पुढचा श्वास सापडला तेव्हा, "चालव."

लेकीने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.