बालाजीनं मारलेला दगडोबा

हळदीकुंकवाचं ताट द्वारकाबाईसमोर आलं, जरासं थांबलं आणि पुढच्या बाईकडं गेलं.

संक्रांत होती. ओसरीवर गावातल्या सवाष्णी बसल्या होत्या. ताट मोहिनीच्या हातात होतं. नवी सून असली तरी ही चूक तिची नव्हती. सासूनं मागून डोळ्यानं खुणावलेलं द्वारकाबाईनं पाहिलं होतं.

"काहून गं, मी दिसले न्हाई व्हय तुला?"

मोहिनी खाली बघत म्हणाली, "आजी, तुमचे मालक गेले ना. सगळ्या गावानं पाह्यलं, नाटकात."

म्हणजे नाटकात मेला तो मेला.

मागच्या उन्हाळ्यात हिंगोलीला निजामाच्या काळावरचा एक सिनेमा लागला होता. पोरं जीप भरभरून गेली. परत आल्यावर ज्याला त्याला घोडा पाहिजे झाला. त्या सिनेमात एक धनगर होता, बिननावाचा. सरहद्दीच्या नाक्यावर शिपाई त्याची घोंगडी झटकतात आणि सोडून देतात, एवढंच त्याचं काम. पुढं त्याचं काय झालं हे सिनेमावाल्यांनी सांगितलं नाही. ते बालाजीला सुचलं. बालाजी म्हणजे द्वारकाबाईच्या दिराचा नातू, बारावी पास आणि कामाला नापास. त्यानं गणपतीसाठी त्या धनगराचं नाटक लिहिलं. त्याला दगडोबा नाव दिलं, घोंगडीखाली बंदुकीच्या गोळ्या दिल्या आणि वऱ्हाडाच्या सरहद्दीवरच्या कनेरगाव नाक्यावर त्याला मारून टाकलं. बाया पदरात तोंड घालून रडल्या.

दगडोबा हे द्वारकाबाईच्या नवऱ्याचं नाव. तो खरंच गेला होता. रझाकारांच्या धामधुमीत मेंढरं घेऊन वऱ्हाडाकडं गेला. मेंढरं सोबत्याबरोबर परत आली, दगडोबा आला नाही. ना मढं, ना निरोप. बारा वर्षं सरल्यावर दिरानं रिवाजाप्रमाणं गवताचा पुतळा बांधला. त्याला जाळायचं आणि हिच्या बांगड्या फोडायच्या. द्वारकाबाईनं पुतळा उचलला आणि शेळ्यांपुढं टाकला. शेळ्यांनी दिरादेखत फस्त केला. तेव्हापासून कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून ती गावात फिरली. गावातल्या लग्नात नवरीची ओटी पहिली तिनं भरायची. दुसरं काही बोलायची कोणाची टाप नव्हती.

आता गावाला तोंड फुटलं होतं. नाटकानंतर शेजारच्या गोरेगावची माणसं म्हणाली, तो धनगर आमचा. पेपरात पत्रं छापून आली. रिटायर मास्तर माणिकराव चहाच्या टपरीवर रोज इतिहास सांगायला लागले. कोणी म्हणालं, घोंगडीखाली गोळ्या होत्या. कोणी म्हणालं, कसल्या गोळ्या, अफू होती. नाक्यावर स्मारक बांधायचं ठरलं आणि त्याच्यावर नाव कोणत्या गावाचं, यावरून हाणामारी व्हायची वेळ आली. एका गोष्टीवर मात्र दोन्ही गावांचं एकमत होतं. तो मेला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई बालाजीच्या दारात उभी राहिली. वयानं नाही, पण या नाटकानं ती थकली होती.

"बाल्या, त्याला मारलंस काहून?"

"आजी, मेल्याबिगर लोक रडत न्हाईत. सिनेमातबी तसंच राह्यते."

"मंग तुझ्या आज्याला मार. त्यो मेलेलाच हाय. त्याची कोणाला तकलीफ न्हाई."

बालाजी हसला. ती हसली नाही.

"मी जित्या माणसाची बायको हाय. त्याचा पुतळा जाळू दिला न्हाई मी, तुझ्या कागदानं मरू देईन व्हय? शिवरात्रीच्या जत्रेत पुन्हा नाटक करून राहिला ना? त्याला जिता ठेव. न्हाई तर स्टेजवर येऊन तुझ्या तोंडाला शेण फासते."

फासलं असतं तिनं. बालाजीला ते माहीत होतं. त्यानं शेवट बदलला.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी मारुतीच्या पारावर तालीम झाली. बाया-माणसं जमली. दगडोबा झालेला हनुमान नावाचा पोरगा मेंढरांच्या कळपात वाकून निघाला. शिपायांच्या गोळ्या हुकल्या. नाका ओलांडून तो पलीकडं ताठ उभा राहिला, घोंगडी झटकली आणि वऱ्हाडाच्या वाटेला लागला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मोहिनी घरी पळत गेली, करंडा घेऊन आली आणि द्वारकाबाईच्या कपाळाला कुंकू लावून पाया पडली.

"शंभर वर्षं जग," द्वारकाबाई म्हणाली. खूप दिवसांनी तिनं पाराला पाठ टेकली. डोळे मिटले.

शेजारी रुख्मिणीबाई बसली होती. तिच्याच वयाची, तिच्याच साली लग्न होऊन या गावात आलेली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लई बरं झालं माय, वाचला बिचारा." मग दगडोबा निघून गेला त्या बाजूला तिनं बोट केलं. "पर द्वारके, पुढं निजाम गेला, नाका उठला, सगळे आपापल्या घरी आले. मंग ह्यो घरी काहून न्हाई आला गं?"

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. म्हणूनच कोणाला हसता आलं नाही. हनुमान घोंगडी हातात धरून बालाजीकडं बघायला लागला.

"त्याचं काय हाय," बालाजी उत्साहानं म्हणाला, "आता पुढचा भाग लिवतो ना मी. वऱ्हाडात त्याला एक बाई भेटते, मंग तो तिथंच घर..." आणि त्यानं जीभ चावली.

कोणी द्वारकाबाईकडं बघत नव्हतं. मोहिनी करंड्याचं झाकण लावत होती, ते लागत नव्हतं.

द्वारकाबाई हळूहळू उठली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि नुकतंच लावलेलं कुंकू सावकाश, कडेकडेनं, सगळं पुसून काढलं.

"बाल्या," ती म्हणाली, "तुझं पयलंच बराबर होतं. त्याला नाक्यावरच मार."