फिल्टरचा बॅकवॉश

“कोनाले खरं वाटनार नाही, म्हून मी हे सांगत नसतो,” असं म्हणून अभिमन नानांनी ओट्यावर पाय वर घेतले. शेजारच्या नथ्थूने तोंड फिरवलं. त्याचं हे ऐकून झालेलं होतं.

नवा श्रोता रुपचंद, धुळ्याचा ट्रकवाला. केळी भरायला सावद्यात आलेला आणि मजूर येईपर्यंत अडकलेला. आतल्या खोलीतून एक आवाज येत होता. सावकाश चढायचा, उतरायचा, क्षणभर थांबायचा, पुन्हा चढायचा.

“हाई काय वाजी ऱ्हायनं, नाना?”

“तेच तं सांगतो.” नानांनी आत एकदा पाहिलं. त्यांची बायको, कुंदाबाई, मागच्या पडवीत गोधडी शिवत होत्या. ओट्यावरचं बोलणं तिथवर जात नाही, असं नानांचं मत होतं.

नानांची मुलगी कामिनी जळगावला इंजिनीअर होती. रविवारी घरी आली की एका पेटीपुढे बसायची. सिंथेसायझर म्हणायची तिला. हार्मोनियमसारख्या पट्ट्या नाहीत. नुसती बटणं, भोकं आणि वायरी. या भोकातली वायर त्या भोकात घातली की आवाज बदलतो. मागच्या माघात ती शेवटची आली. एक आवाज लावला, चालूच ठेवला आणि म्हणाली, “नाना, हात नका लावू. पुढच्या रविवारी पुरा करते.” गुरुवारी कामावर, जेवणाच्या सुटीत, तिला ॲटॅक आला.

एवढं नानांनी भराभर सांगून टाकलं.

“त्या पेटीले आठवन नसते,” ते म्हणाले. “लाइट गेली तं बंद पडते, आली का तोच आवाज. पन वायर उपटली का गेला. फोटोबी काढेल नव्हता कोनी. अन् हिनं पेटी बंद करू देली नाही. म्हने, कामी आत झोपेल हाये, श्वास चालू हाये तिचा. आवाज चालू, तं ही दोन घास खाये. नाही तं तेबी नाही.”

“मंग?”

“दहाव्याले आमी गडीमानसं तापीवर गेलतो. परत आलो तं आवाज बसका वाटला. मी म्हनलं, सुतक फिटलं, बायांनी घर झाडलं-धुतलं, धूळ गेली असन पेटीत. मंग एक दिवस नीट पाह्यलं. पेटीवर लिहेल व्हतं, फिल्टर. आता फिल्टर काय मले शिकवन कोनी?”

रुपचंद हसला. केळीच्या पट्ट्यात फिल्टर म्हणजे ठिबकचा, पाण्यातला गाळ अडवणारा. तो तुंबला की त्यातून पाणी उलट्या बाजूने सोडतात, गाळ निघून जातो. त्याला बॅकवॉश म्हणतात. हे धुळ्याच्या ट्रकवाल्यालाही माहीत असतं.

“तुमीन पेटीले बॅकवॉश दिधा?”

“ही पहूरले भावाकडं गेली, तेव्हा. जाता जाता बजावून गेली, वायरीले हात लावजा नका. मी आतली बाहेर केली, बाहेरची आत. आवाज बंद. परत व्हती तशी लावाले गेलो, तं कोनती कुठं व्हती तेच आठवेना. सगळ्या काळ्या. एकीले तेवढा हिरवा दोरा बांधेल व्हता. कामीनं खूण केली असन.”

“मंग?”

“मंग काय. शिकलो. आउटातून आउटात घातली, चिडीचूप. मंग ध्यानात आलं, हे तं ठिबकच हाये. इथं मोटर, तिथून फिल्टर, मंग कॉक, मंग बाहेर. तशी जोडली तं अशी किंकाळी निंघाली, नथ्थूचं कुत्रं जे पळालं ते फैजपूरले सापडलं.”

“कुत्रं घरीच होतं,” नथ्थू म्हणाला.

“तू गप रे. रोज नवा आवाज. डासाचा निंघे, चक्कीचा निंघे, अडकेल म्हशीचा निंघे. कामीचा निंघेना.” नानांनी पाय खाली सोडले. “एका बटनावर ॲटॅक लिहेल हाये. आवाज किती सावकाश चढन, ते त्याच्यावर असते म्हनतात. त्याले मी हात नाही लावला. नावच तसं.”

आतला आवाज चढला, उतरला.

“हिचा भाऊ हिले सोडाले येनार, त्या सकाळी मी पेटीपुढं बसून व्हतो. आता हिले काय सांगू? पोरगी गेली, अन् आता हेबी गेलं? ही जेवन नाही, हे मले ठाऊक. डोळे मिटले अन् एक वायर घातली. अन् तोच. हुबेहूब. सुताचा फरक नाही.”

“अन् कुंदाअक्का?”

“आली. खोलीच्या दारात लई वेळ उभी राह्यली. मंग म्हने, चहा टाकू का. बस. तेव्हापासून त्याच्याजवळ बसते, दोन घास खाते.”

“बठ्ठं खरं शे?”

“मी सांगतलं ना, कोनाले वाटत नाही.” नाना पुढे वाकले. “आजलोंग तिले पत्ता नाही. कामीचा आवाज म्या मोडला, अन् म्याच परत आनला.”

नथ्थू खाकरला. कुंदाबाई दारात उभ्या होत्या. गोधडी खांद्यावर, सुई हातात, सुईतला हिरवा दोरा लोंबत होता.

“खोटं सांगू नका त्याले,” त्या म्हणाल्या. “कामीचा आवाज दहाव्याच्याच दिवशी गेला. पेटी पुसता पुसता माह्याच हातानं वायरी निंघाल्या. तुमी मोडला, तो मी लावेल व्हता.”