नोंद काढली

रक्तदात्यांची यादी सांभाळणाऱ्या एआयला कोणतं टूल कशासाठी आहे, हे जाहेदानंच एकेका ओळीत लिहून दिलं होतं. औंढ्याहून भागवतचा फोन आला तेव्हा तो रडायच्या बेतात होता.

"ताई, बहीण बाळंत झाली, रक्त थांबून न्हाई राहिलं. बी निगेटिव्ह पाहिजे. त्या एआयला म्हणलं दात्यांची नोंद काढ, तर 'काढली' म्हणून राहिलं. मग नंबर काहून दिसत न्हाईत?"

जाहेदानं टूलांच्या ओळी उघडून पाहिल्या. नाव पुसायच्या टूलखाली तिनं लिहिलं होतं, 'दात्याची नोंद काढते.' एआयनं बी निगेटिव्हचे सगळे दाते पुसून टाकले होते.

तिनं जुनी कागदी यादी शोधली. तिसरा फोन जवळा बाजार गावच्या नासेरला लागला आणि तो तसाच दवाखान्यात धावला. बहीण वाचली. "तुमच्यामुळं, ताई," भागवत म्हणाला.

जाहेदानं ती ओळ बदलली: 'नाव कायमचं पुसते. आधी माणसाला विचारा.' मग भीत भीत एआयला विचारलं, 'काढली' हे उत्तर आजवर किती जणांना गेलं?

"नऊ."

बाकीच्या आठ जणांकडं तिचा नंबर नव्हता.