चावी लागली

इसाकने केस धरून त्याचं डोकं स्टीअरिंगवर आपटलं तेव्हा हॉर्न वाजला. भर दुपारी तुर्भ्याच्या मार्केटातले हमाल हातातलं काम टाकून धावत आले.

"चोर आहे साला! माझी गाडी फोडत होता."

महिन्याभरात इसाकच्या गाडीतून आधी टेप गेला, मग बॅटरी. आता गाडीच जाणार, ही धास्ती त्याला जेवू देत नव्हती. चोर सापडला तर हात तोडीन, असं तो बायकोला, आरिफाला रोज सांगायचा. आज माल उतरवून तो पांढऱ्या फियाट गाड्यांच्या रांगेकडे आला, तर एक चष्मेवाला ड्रायव्हरच्या सीटवर बसून डॅशबोर्डखाली हात घालत होता.

त्यांनी त्याला ओढून डांबरावर पाडलं. पोटात लाथा बसल्या. चष्मा चेचला गेला.

"भाऊ, माझीच गाडी आहे ओ," तो रक्त थुंकत म्हणाला. "मी शिवराम. फ्यूज उडाला, तो बघत होतो."

इसाक थांबला. पुरावा नसताना मारणारा माणूस तो नव्हता. त्याने गाडीचा दरवाजा लावला, लॉक केला आणि सगळ्यांसमोर खिशातली चावी घालून फिरवली. खट्. दरवाजा उघडला.

"तुझी गाडी? मग माझी चावी कशी लागली?"

"जुनं कुलूप झिजलं की दुसरी चावीपन लागते. तुमी जरा—"

"आयला, चोर तो चोर आणि वर शिकवतोय!" हमाल हसले. मानसिंग हमालाने पोती ओढायचा लोखंडी आकडा उलटा धरला आणि शिवरामच्या मनगटावर हाणला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. इसाकने त्याच मनगटावर बूट ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. शिवराम किंचाळला.

मागे कुणीतरी हॉर्न दिला. रांगेतून निघालेली एक गाडी गर्दीत अडकली होती.

"ओ शेठ, जरा साईड द्या ना," ड्रायव्हर काचेतून डोकं काढून अदबीने म्हणाला.

इसाकने शिवरामचे पाय धरून त्याला कडेला ओढलं. हमालांना मागे सारलं. "या, या... अजून थोडं... बस, जाऊ द्या." ड्रायव्हरने हसून सलाम केला.

पांढरी फियाट वळणावर पोचली. इसाकने सवयीने मागच्या पाटीवरचा नंबर वाचला. नंबर त्याच्या स्वतःच्या गाडीचा होता.