एकोणसत्तर अँपिअर

वस्तीतली निम्मी घरे दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेली होती. विजेची मागणी निम्म्यावर आली होती. तरीही सौर पॅनेलांवर भरणारी बॅटरी गेले आठ दिवस पहाटे चारलाच रिकामी होत होती. अभिमन्यू पंडित या अभियंत्याला हे गणित मान्य नव्हते.

बॅटरीच्या खोलीसमोर वस्तीतल्या गहिनीनाथची जीप उभी होती. मागच्या सीटवर गाठोडे ठेवले होते. शेजारच्या ओसरीत सुंदरराव खाटेवर बसले होते. त्यांच्या नाकातली नळी ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेली होती. विजेचे खांब खालच्या गावातच थांबले होते. त्यामुळे ही बॅटरी रात्रभर टिकणार नसेल, तर त्यांना दुपारीच बीडला, लेकीकडे हलवायचे ठरले होते.

"बीडला दोनदा पाहुणा म्हणून गेलतो," सुंदरराव म्हणाले. "ऱ्हायला न्हाई जायाचं मला." एवढ्या बोलण्याला त्यांना तीन श्वास लागले.

"आठ दिसांत माघारी आणून सोडतो की, काका," गहिनीनाथ म्हणाला.

"आणशील बे. पांढऱ्या कापडात झाकून आणशील."

आठ दिवस मशीन चारला बंद पडले, की त्यांची बायको छबुबाई त्यांना उशीला टेकवून बसवत आणि ऊन येईपर्यंत पदराने वारा घालत. वाऱ्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही, हे अभिमन्यूला माहीत होते. त्याने ते सांगितले नाही.

त्याने बॅटऱ्या तपासल्या. वायरी, जोड, फ्यूज, सगळे ठीक होते. मग मीटर घेऊन तो खोलीमागच्या पॅनेलांकडे गेला. या उन्हात तिथून सत्तरच्या आसपास अँपिअर यायला हवे होते. मीटर सेहेचाळीस दाखवत होता. तिसरा हिस्सा गायब होता.

बारा पॅनेल कमरेच्या उंचीवर ओळीने कललेले होते. बाराही काचा लख्ख होत्या. आणि प्रत्येक काचेच्या खालच्या कडेला एक लाल पंजा होता. तेलात कालवलेल्या कुंकवाचा, थरावर थर चढून जाड झालेला.

"हे कोणी केलं?"

"म्या," छबुबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात कुंकवाची वाटी होती. "पुसते रोजच. आठ दिस झालं, दसऱ्यापसून हात बी लावते. ह्येंचा जीव त्याच्यावरच हाय न्हवं? कावून इचारता? काई चुकलं का?"

बिघाडाचे कारण सापडताच ते सांगून मोकळे होणे, ही अभिमन्यूची रीत. या वेळी त्याने फक्त पाण्याची बादली आणि साबण मागितला.

पहिला पंजा छबुबाईंनी स्वतः धुतला.

"अठ्ठेचाळीस," अभिमन्यू म्हणाला.

दुसरा धुतला. "पन्नास."

तिसऱ्याला त्यांचा हात मंदावला. चौथा धुऊन त्या थांबल्या.

"म्हंजी ह्येंचा जीव मीच कोंडत व्हते."

ओसरीतून सुंदररावांनी ऐकले. "पन्नास वर्सं कोंडायलीस. त्यात नवं काय?"

गहिनीनाथ हसला. छबुबाईंचा हात बादलीतच राहिला होता.

धीर देणे अभिमन्यूला जमत नसे. मोजलेले तेवढे तो सांगू शकत होता. "मावशी, एका पॅनेलात चौकोनांच्या तीन रांगा असतात. एक चौकोन झाकला, की त्याची सगळी रांग बंद पडते. तुमच्या हातानं तेवढं गेलं, हे खरं. पण बाकीच्या वस्त्यांवर नुसती धूळच पाचवा हिस्सा खाते. तिथं कोणी पुसत नाही. इथं धुळीचं नुकसान शून्य आहे. चार वर्षांत असं मी दुसरीकडं कुठं मोजलेलं नाही."

उरलेले आठ पंजे छबुबाईंनी न थांबता धुतले. शेवटचा गेला तेव्हा मीटरवर एकोणसत्तर होते.

"सकाळपत्तर पुरंल का?" सुंदररावांनी विचारले.

अभिमन्यूने कागदावर हिशेब केला, मग पुन्हा एकदा केला. "ऊन असंच राहिलं आणि पाण्याची मोटर उद्यावर टाकली, तर सातपर्यंत. अर्धा तास मागेपुढे."

"अर्धा तास म्या दम धरतो. गहिनीनाथ, उतरव बे गठुडं."

छबुबाईंनी ओला हात पदराला पुसला. त्या अभिमन्यूजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, उद्या हात कुठं लावू?"

"लावायची गरज नाही, मावशी. ऊन तसंही पडणारच."

"त्याला नसंल गरज. मला हाय."

जे माहीत नसे, ते अभिमन्यू मोजून पाहत असे. त्याने वाकून पॅनेलाची पाठ दाखवली. ती पांढरी, कोरी होती आणि तिच्यावर ऊन पडत नव्हते.

"इथं लावून बघा."

छबुबाईंनी वाटीत तळवा बुडवला. गुडघ्यावर हात टेकत त्या पॅनेलाखाली वाकल्या आणि पाचही बोटे पसरून हात दाबून धरला. अभिमन्यू मीटरसमोर उकिडवा बसला. आकडा एका नजरेत दिसत होता. तरी तो मिनिटभर पाहत राहिला.

"लावत जा," तो म्हणाला. "काही घटत नाही."